दिव्याला खोटं खपत नाही

हॉलमधला दिवा मंगळवारी दुपारी तिसऱ्यांदा आपोआप गेला, तेव्हा मामा वाघाला छत्रीने हुसकावल्याची गोष्ट सांगत होते. आधी दारामागच्या स्विचबोर्डातून 'टक' असा बारीक आवाज आला, मग हॉल काळवंडला. या हॉलची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीला नाक लावून होती. भर दुपारी दिवा गेला तरी खोलीचं तळघर व्हायचं आणि भिंतीवरच्या फोटोतल्या अप्पांचे डोळे तेवढे दिसत राहायचे.

"तुझा रिमोट वात्रट आहे," मामा अंधारातून म्हणाले.

"रिमोट वात्रट नसतो, मामा. प्रत्येक गोष्टीला कारण असतं," भाची म्हणाली आणि मोबाइलच्या उजेडात वहीत वेळ टिपली. दोन वाजून चौतीस मिनिटं.

भाचीने नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती. आईचे गुडघे दुखतात, सारखं उठून बटणापर्यंत जाववत नाही, म्हणून तिने हा दिवा रेडिओ लहरींच्या रिमोटवर टाकला होता. एकदा दाबलं की लागायचा, पुन्हा दाबलं की जायचा. पण त्याच दिवशी मामा राहायला आले, त्यांच्या घराला रंग लागत होता म्हणून, आणि तेव्हापासून दिव्याचं काही खरं राहिलं नाही. तिने रिमोटचा सेल बदलला. बोर्डातल्या रिसीव्हरची एरियलची तार सरळ करून पट्टीने मोजली, ती बरोबर सतरा सेंटिमीटर होती. वायफायचा डबा लांब हलवला. दिवा आपला जातच होता.

आईचं निदान पहिल्या दिवसापासून तयार होतं. "अप्पा आहेत."

अप्पा म्हणजे आईचे आणि मामांचे वडील. त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. समोर कुणी खोटं बोललं तर ते रागवायचे नाहीत. शांतपणे उठायचे, दिवा मालवायचे आणि बाहेर जायचे. "खोटं ऐकायला दिवा कशाला जाळायचा?" एवढंच म्हणायचे.

भाचीने वही चाळली आणि तिच्या अंगावर काटा आला. वाघ, टक. मंत्र्याने मामांची सही मागितली, टक. मामांनी एका दमात नदी पार केली, तेव्हा टक आणि पुन्हा टक, म्हणजे दिवा डोळा मिचकावून गेला.

घरातली माणसं जपून बोलू लागली. "अगं, आत्ता तुलाच फोन करणार होते," एवढं म्हणायलासुद्धा आई हॉलमधून उठून स्वयंपाकघरात जायची, गुडघे दुखत असले तरी.

शनिवारी मामांनी बॅग भरली आणि शोकेसवरच्या जुन्या रेडिओपाशी येऊन उभे राहिले. लाकडी पेटीचा तो अप्पांचा रेडिओ. अप्पांनी डोळे मिटले त्याच दिवशी तो मुका झाला, असं घरात सगळे हळू आवाजात सांगत.

"छकुले, हा मी नेऊ?" मामांनी आईला विचारलं. "घर नवं झालंय, पण आत कुणी बोलायला नाही. हा नुसता समोर असला तरी बरं वाटेल. अप्पांनी मलाच दिला होता तो."

"कधी?"

"दवाखान्यात. तू डबा आणायला गेली होतीस." मामा सोफ्यावर बसले. "देवाशप्पथ सांगतो!"

टक. हॉल काळवंडला.

आई अप्पांच्या फोटोकडे वळली.

"बघितलंस?" आईचा आवाज खाली गेला. "दादा, वाघाचं ठीक होतं रे. पण अप्पांच्या नावानं?"

"अगं, ह्या वेळेला खरंच खरं आहे!" मामा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की भाचीला कसंतरीच वाटलं. जन्मभर बाता मारलेला माणूस एकदा खरं सांगत होता, आणि साक्षीला दिवाही उभा राहत नव्हता.

तिने पुन्हा वही उघडली. तेवीस नोंदी होत्या. बावीस वेळा मामा फेकत होते. पण गुरुवारी सकाळी नऊ वाजता ते ओरडले होते, "दूध उतू जातंय!" आणि टक. दूध तर खरंच उतू गेलं होतं. शेगडी तिनेच पुसली होती.

एक उलटी नोंद पुरते. तिने दिवा लावला आणि म्हणाली, "मामा, पुन्हा सांगा. वाघाचं."

"आता कसला वाघ..."

"सांगा ना."

"बरं. तर मी अशी छत्री उगारली..." बोलता बोलता मामा फुलले आणि "असा पळाला म्हणतेस!" म्हणून त्यांनी मांडीवर हात आपटला.

टक.

"खिशात काय आहे?"

मामांनी खिसा उलटा केला. रुमाल, सुपारीची डबी आणि त्यांच्या इमारतीच्या फाटकाचा रिमोट.

भाचीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रिसीव्हरला रिमोटची ओळख करून द्यायला दहा सेकंद मिळतात, आणि तेवढ्या वेळात कानावर येईल ती प्रत्येक खूण तो लक्षात ठेवतो. त्या दहा सेकंदांत मामा सोफ्यावर वाघाला हुसकावत होते, आणि मांडीवर थाप पडली की खिशातल्या रिमोटचं बटण दाबलं जात होतं.

"चूक माझीच," ती म्हणाली. दिवा लावून तिने दोन्ही रिमोटचे सेल काढले आणि मुठीत धरले. "अप्पा नाहीत, काही नाही. संपलं."

"संपलं कसं?" आई म्हणाली. "अप्पा गेले आणि रेडिओ मुका झाला, त्याला काय म्हणतं तुझं शास्त्र? तू घरीच होतीस, सात वर्षांची."

भाची रेडिओकडे न बघता म्हणाली, "मला काय माहीत?"

टक.

अंधारात तिने मूठ दाबून पाहिली. दोन्ही सेल आतच होते. अप्पांचे डोळे भिंतीवरून थेट तिच्याकडे बघत होते.

"मी उघडला होता," ती भरभर बोलली. "आत माणसं कुठे बसतात ते बघायला. एक तार हातात आली. तेवढ्यात फोन आला, सगळे रडायला लागले, मग मला सांगताच आलं नाही."

टक. दिवा लागला.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग मामांकडे वळली. "दादा, आता पुन्हा सांग. हात वर ठेव."

मामांनी शरण आल्यासारखे दोन्ही हात वर केले. "अप्पांनी रेडिओ मला दिला होता."

तिघंही दिव्याकडे बघत राहिले. मिनिटभर गेलं. दिवा स्थिर जळत होता.

"ने, दादा," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आणि हिलाही ने दुरुस्तीला."

मामांनी रेडिओ उराशी धरला, कपाळावरचा घाम बाहीला पुसला आणि दारातून वळून म्हणाले, "मी तर आधीपासून सांगत होतो. आपल्याला बुवा कधी भीती वाटलीच नाही."

टक.