मावशीसाहेबांचे पोटातील जंतांवरील स्वारीची हकीकत

फत्ते जाहली, जंत बुडाले. ही खबर वाचणाराने तूर्त विसरावी, कारण हकीकतीत अद्याप काहीच घडले नाही आणि जंत आतड्यांत सुखरूप नांदत आहेत.

त्याचे ऐसे जाहले जे, घोडेस्वारी शिकविणारे शाळेचे पागेतील वडील घोडी, अखंडितलक्ष्मीअलंकृत मावशीसाहेब, यांचे पोटी जंतांनी बेलाशक ठाणे दिले, आणि बरगड्या दिसो लागल्या, आणि दोन वेळा पोटशूळ उठोन मावशीसाहेब जमिनीवर लोळल्या. मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी निर्वाणीचे फर्माविले जे, तिसरा शूळ उठलियास घोडी वाचत नाही. हे ऐकोन भाऊ मोतद्दार, ज्यांनी अकरा वर्षे तिचा खरारा केला, ते घोड्यांच्या दाण्याचे, म्हणजे चंदीचे, पिंपावर मटकन बसले आणि दिवसभर जेवले नाहीत.

मग औषधाची पिचकारी चालविली. परंतु मावशीसाहेबांनी गालात गवताचा बोळा दडविला होता, त्यात समस्त औषध झेलोन तो बोळा त्यांनी बाईंचे बुटावर अदबीने ठेविला. सबब बुटास जंतांचे भय उरले नाही.

मग खलबत जाहले आणि ठरले जे, रोज तैशाच पिचकारीतून सफरचंदाचा गर द्यावा, आणि भाऊंनी आधी स्वतः चाखोन दाखवावा, म्हणजे घोडीचा वहीम फिटेल. आठ दिवसांत घोडीस चटक लागली. भाऊंस अंमळ अधिक.

नववे दिवशी घोडीचे तोंड धुवोन पिचकारीत खरे औषध भरिले. भाऊंनी पिचकारी घेतली आणि रिवाजाप्रमाणे आधी आपले तोंडात मारिली.

"अहो भाऊ, घोडी ती! तुम्ही नव्हे!" बाई कडाडल्या. "थुंका आधी!"

"सवय हो, बाई," भाऊ थुंकत वदले. "तरीच म्हटलं, आज सफरचंद कडू कसं!"

आपला खाऊ दुसऱ्याने लाटला हे पाहोन मावशीसाहेबांनी संतापे जबडा वासिला, आणि बाईंनी तत्काळ पिशवीतील दुसरी पिचकारी जिभेच्या मुळाशी रिती केली, आणि भाऊंनी हनुवटी वर धरिली, आणि पागेत कोणी श्वास घेईना, आणि घोडीने गिळिले. मग भाऊंनी तिचे आयाळीत तोंड खुपसोन रडण्याचे काम उरकिले.

पंधरवड्याने लीद तपासली, जंतांचे एकही अंडे मिळाले नाही. वर विसरलेली फत्ते आता आठवावी.

परंतु नववे दिवशी एका घोडीस दोन पिचकाऱ्या कैशा लागल्या, ऐसी वरिष्ठांची हरकत आली आहे, आणि सदर औषध घोड्याखेरीज कोणास देता येत नाही. सबब विनंती जे, भाऊ मोतद्दार यांस मागील तारखेपासोन घोडा समजण्यात यावे, आणि त्यांची चंदी व चार नाल विनाविलंब मंजूर करण्यात यावेत.