कुवाबारा आजींना लाल दाखवण्याचा ठराव

निसर्ग पाहायला काही लागत नाही, हा समज अडाणीपणाचा आहे. निसर्ग पाहायला तारीख लागते, बस लागते, उपसमिती लागते आणि परतीच्या वाटेवर स्वच्छतागृहं कुठे कुठे आहेत त्याचा नकाशा लागतो. यातलं काही नसताना जे डोळ्यांना दिसतं त्याला निसर्ग म्हणत नाहीत, त्याला आवार म्हणतात. आवार झाडायचं असतं.

मी हाबुका. पाणीखात्यात सदतीस वर्षं मीटर वाचले आणि एकही आकडा चुकवला नाही. सध्या नारामोरी वसाहत रहिवासी मंडळाचा सचिव आहे. निवडून वगैरे आलेलो नाही. आमच्याकडे सचिवपद एका घरातून शेजारच्या घरात जातं, गोवर जावा तसं, आणि दुखणं वर्षभरच टिकतं. मंडळात बासष्ट घरं आहेत. मंडळाची कामं दोन: नोव्हेंबरात मेपलची लाल झालेली पानं पाहायला क्योतोला जाणं, आणि उरलेले अकरा महिने त्याची तयारी करणं. (तिसरं काम कचऱ्याचं आहे, पण त्याबद्दल पाहुण्यांशी कुणी बोलत नाही.)

यंदाच्या सहलीला मात्र एक गंभीर कारण होतं. जानेवारीच्या सभेत कुवाबारा आजी उठून उभ्या राहिल्या. आजींचं वय शहाऐंशी, घर सभागृहाला लागून, सभागृहाच्या दारातल्या मेपलच्या पलीकडे. रोज सकाळी सहाला सभागृहाचं आवार त्याच झाडतात. एकेचाळीस वर्षांत त्या सभेत एकच वाक्य बोलल्या होत्या, ते म्हणजे "मला काही अडचण नाही." त्या उभ्या राहिल्या म्हटल्यावर दोघातिघांना वाटलं, भूकंप झाला.

"डॉक्टर म्हणतात, पुढच्या वसंतापर्यंत मला रंग दिसायचे बंद होतील," आजी म्हणाल्या. "बारीक अक्षर तर आत्ताच दिसत नाही. त्याआधी एकदा लाल पानं डोळे भरून बघावीत, एवढंच मनात आहे. त्यासाठी मंडळानं जरा..."

एवढं बोलून त्या संकोचानं थांबल्या. आमच्याकडे वाक्य अर्धं सोडणं हा सभ्यपणा समजला जातो. उरलेलं अर्धं ऐकणाऱ्यानं स्वतःच्या मनानं पुरं करायचं असतं. अध्यक्ष तोमिनागासाहेब गादीच्या कारखान्यात तीस वर्षं गाद्या दाबून पाहत होते, त्यामुळे त्यांना मऊ जागा लगेच कळते. त्यांनी रुमाल काढला.

"आजी, एक शब्द बोलू नका. आता ही जबाबदारी मंडळाची. तुम्ही फक्त बसमध्ये बसायचं."

आजींनी तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाल्या, "मला काही अडचण नाही." मी इतिवृत्तात नोंद केली: मुद्दा सात, कुवाबारा आजींना लाल दाखवणे, एकमताने मंजूर.

त्यानंतर जे काम झालं, त्याला तोड नाही. चार उपसमित्या नेमल्या: तारीख, आसनव्यवस्था, पुस्तिका आणि छत्री. तारीख उपसमितीचं काम सर्वांत अवघड, कारण पानांना शिस्त नसते. मंडळाच्या कचरा विभागाच्या नुकाताबाईंनी तेवीस वर्षांची टिपणं काढली. त्यांवरून असं दिसलं की तेवीस सहलींपैकी ऐन बहर आम्हाला दोनदा सापडला, आणि त्यातला एकदा सहल कुणाच्या तरी अंत्यविधीमुळे पाच दिवस पुढे गेली म्हणून. (या दोन्ही वर्षांचे फोटो सभागृहात लावले आहेत. उरलेल्या एकवीस वर्षांचे कपाटात आहेत.) अर्ध्या लोकांना चौदा नोव्हेंबर हवी होती, अर्ध्यांना सव्वीस. आम्ही मतदान करत नाही. मतदानात कुणीतरी हरतो, आणि हरलेला माणूस रोज सकाळी कचऱ्याच्या जाळीपाशी भेटतो. म्हणून सगळ्यांचं एक मत होईपर्यंत, म्हणजे सगळे सारखेच थकेपर्यंत, आम्ही बसतो. पाच सभा बसलो. शेवटी एकोणीस तारीख ठरली, कारण ती कुणालाच नको होती.

पुस्तिका छत्तीस पानांची झाली. तिच्यातला मुख्य भाग देतो, म्हणजे दर्जा कळेल:

६.२० सभागृहापाशी जमणे (६.०५ ला यावे, ६.२० ला येणाऱ्यास उशीर झाला असे समजले जाईल).
१०.१० ते १०.२५ क्योतो शहर पाहणे.
१.०५ डोंगरातील देवळापाशी उतरणे.
१.०५ ते १.०८ सामूहिक फोटो.
१.०८ ते १.१९ पाने पाहणे (मोकळेपणाने).
१.१९ ते १.४५ स्वच्छतागृह.

आजींना पहिल्या रांगेत डाव्या खिडकीची जागा दिली. डोंगर डावीकडे आहे. आसनव्यवस्था उपसमितीनं सभागृहात खुर्च्या मांडून, आजींना खरंच बसवून, मान किती वळते तेही पाहिलं. आजी म्हणाल्या, "अहो, एवढं कशाला?" उपसमितीनं हे कौतुक म्हणून नोंदवलं.

ऑक्टोबरात फिरती पाटी काढली. ही पाटी घरोघर जाते. घरानं तिच्यावरचे कागद वाचायचे, संमती म्हणून आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि पाटी शेजारी द्यायची. माझ्या निरीक्षणानुसार पाटी एका घरात सरासरी चाळीस सेकंद थांबते. त्यातले पस्तीस शिक्का शोधण्यात जातात. यंदा पाटीवर दोन कागद होते. पहिला सहलीचा. दुसरा कचरा विभागाकडून आलेला, आवाराच्या स्वच्छतेबद्दल, किरकोळ.

आजींना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून त्यांच्याकडे पाटी घेऊन मी जातीनं गेलो. पहिला कागद मोठ्यानं वाचला, आसन क्रमांकासकट. तोवर त्यांनी चहा आणि वाफवलेलं रताळं पुढे ठेवलं.

"आणि हा दुसरा कसला?" आजींनी विचारलं.

"किरकोळ आहे हो आजी. स्वच्छतेचं काहीतरी."

"असेल, असेल. शिक्का कुठं मारू?"

मी त्यांचं बोट धरून जागेवर ठेवलं. शिक्का अगदी सरळ उमटला. बासष्टपैकी बासष्ट घरांची संमती मिळाली, आणि रताळंही छान होतं.

एकोणीस तारखेला सहा वाजून पाच मिनिटांनी सर्वजण हजर होते. आजींनी ठेवणीतला जांभळा कोट घातला होता. बस निघाली आणि तोमिनागासाहेबांनी माईक हातात घेतला तो शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. हवा इतकी उबदार होती की नुकाताबाईंनी पंखा काढला. थंडी पडल्याशिवाय पानं लाल होत नाहीत, त्यामुळे तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली, पण पुस्तिकेत उबेचा उल्लेख नव्हता.

क्योतो शहर आम्ही ठरल्याप्रमाणे पंधरा मिनिटं पाहिलं. बसमधूनच पाहिलं, कारण आमच्यापुढे एकशे चाळीस बस होत्या (पाठीमागच्या मोजल्या नाहीत). त्या सगळ्या बसमध्ये कुठल्या ना कुठल्या वसाहतीची तारीख उपसमिती बसली होती, आणि एकोणीस तारीख त्यांनाही नको असल्यामुळेच मिळाली होती. डोंगराच्या रस्त्याला लागायला दोन तास गेले. प्रत्येक वळणावर आजी विचारायच्या, "आलं का?" मी म्हणायचो, "आलंच." एक तासभर बस जागची हलली नाही, तेव्हाही मी हेच म्हणत होतो.

देवळापाशी उतरलो तेव्हा पावणेतीन झाले होते. वेळापत्रकाचा मान राखून वजाबाकी केली. फोटो कमी करता येत नाही, स्वच्छतागृह तर नाहीच नाही, तेव्हा पानं पाहण्याची अकरा मिनिटं होती ती चार झाली. आणि पानं हिरवी होती. एखाददुसरं लाल असेल म्हणून मी शोधलं. नव्हतं. सगळी पानं धडधाकट, तकतकीत हिरवी होती, एखाद्या औषध कंपनीच्या जाहिरातीत शोभतील अशी.

त्या हिरव्यासमोर बासष्ट घरांचे प्रतिनिधी रांगेत उभे राहिले आणि फोटोत हसले. मग आजी एका झाडाखाली गेल्या. मान वर करून बराच वेळ, म्हणजे चारातली जवळजवळ दोन मिनिटं, त्या पाहत राहिल्या.

"हाबुका, हे लाल आहे का हो?"

मी तोमिनागासाहेबांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनी खूण केली. अकरा महिने, चार उपसमित्या, छत्तीस पानं. माझ्या तोंडून गेलं, "हो आजी. लाल आहे."

"खूप?"

"भरपूर."

"मला हिरवंच दिसतंय," आजी हळूच म्हणाल्या. "म्हणजे वसंतापर्यंत नाही टिकले. गेले माझे रंग."

सदतीस वर्षांत न चुकवलेला आकडा मी एका शब्दात चुकवला होता, आणि तो म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांवर ढकलून दिला होता. खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात नुकाताबाई आल्या आणि आजींचा हात धरून त्यांना बाजाराच्या गल्लीत घेऊन गेल्या. तिथं दिव्याच्या प्रत्येक खांबाला मेपलच्या प्लास्टिकच्या फांद्या बांधल्या होत्या, भडक लाल.

"हे बघा आजी," नुकाताबाई म्हणाल्या, "इथं तर देवळापेक्षा जास्त लाल आहे."

आजींनी एक फांदी अंगठ्यानं चाचपली. मग उन्हाकडे धरून पाहिली.

"धुता येत असेल हे."

"हो तर. दरवर्षी तेच लावतात."

"हे मला लाल दिसतंय," आजी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळून पाहिलं. "म्हणजे डोळे आहेत अजून." एवढंच. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतीच्या बसमध्ये तोमिनागासाहेबांनी मुद्दा सात पूर्ण झाल्याचं माईकवरून जाहीर केलं. टाळ्या झाल्या. आजींनी जागेवरूनच मान लववून आभार मानले.

रात्री नऊला वसाहतीत पोचलो. सभागृहाच्या दारात, दिव्याखाली साहेबांचं समारोपाचं भाषण झालं. त्यांच्या पाठीमागे आमचं मेपलचं झाड होतं. झाड म्हणजे आता खोड आणि फांद्यांचे चार खुंट. ओल्या छत्र्या अडकवायला सोयीचं दिसतं. फिरत्या पाटीवरच्या दुसऱ्या कागदात हेच होतं. सदर झाडाची पानं नोव्हेंबरात गळून गटार तुंबवतात. ती झाडण्याचं काम कुवाबारा आजी करतात, आणि त्यांची नजर अधू होत असताना हे काम त्यांच्यावर टाकणं मंडळाला शोभत नाही. शिवाय एकोणीसला सगळे पानं पाहायला जाणार, मग इथली पानं उचलणार कोण? तरी आजींच्या काळजीपोटी, पानं लाल होऊन गळायच्या आत, अठ्ठावीस ऑक्टोबरला झाड बोडकं करावं. त्याप्रमाणे केलं. नुकाताबाईंनी फांद्या हिरव्या असतानाच पिशव्यांत भरल्या, ज्वलनशील कचऱ्याच्या, मंगळवारी.

मी आजींना दारापर्यंत सोडायला गेलो. वीस पावलांचं अंतर. आजी त्या खुंटांपाशी थांबल्या.

"हाबुका, मी क्योतो कधी म्हटलं होतं?"

इतिवृत्त माझ्या पिशवीत होतं. मी ते काढून पाहिलं. त्यांनी म्हटलं नव्हतं.

"मी या झाडाचं म्हणत होते," आजी म्हणाल्या. "एकेचाळीस वर्षं याची पानं खाली बघूनच झाडली. एक आवरलं की दुसरं पडायचं, वर बघायला फुरसत कुणाला? यंदा म्हटलं, शेवटचं आहे तर झाडू ठेवावा आणि वर बघावं. मंडळानं जरा पंधरा दिवस झाडण्यातून सुटी द्यावी, एवढंच सांगायचं होतं त्या दिवशी."

"मग झाड कापायला आले तेव्हा तरी बोलायचं ना, आजी."

"बोलणार होते. बाहेर आले पण. तर नुकाताने कागद दाखवला, म्हणाली, तुमचाच शिक्का आहे की हा. आणि तुम्ही सगळे इतके राबत होतात. मला खिडकीसुद्धा दिली होती." त्यांनी किल्ली चाचपून कुलपात घातली. "दमला असाल. जा आता. मला काही अडचण नाही."

मला लाज वाटली. अजून वाटते. इतिवृत्तात ती नोंद नाही, कारण तिला मुद्दा क्रमांक नाही.

आता तुम्ही आमच्या मंडळाला नावं ठेवत असाल. ठेवा. मलाही चार शब्द ऐकवाल, ते माझ्या वाटणीचेच आहेत. पण नोंद चोख असावी म्हणून सांगतो. पाटीवर दुसरा कागद आहे, हे मी तुम्हालाही वेळेवर सांगितलं होतं, आणि किरकोळ आहे म्हटल्यावर तुम्हीही थांबून विचारलं नाहीत, काय आहे त्यात म्हणून. तुम्हालाही क्योतोला पोचायची घाई होती. तेव्हा बासष्टच्या खाली जागा होती तिथं त्रेसष्टावा शिक्का तुमचा धरला आहे. हरकत असल्यास लेखी कळवावी. मुदत सत्तावीस ऑक्टोबरला संपली.