अंकुरचं कार्ड मी पक्कं केलं

कागद सांभाळावेत तर मीच! सौसरच्या एका शाळेत बारा वर्षं बाबूगिरी केली, पण एका चिठोऱ्याला वाळवी लागू दिली नाही. घरातली सगळी कागदपत्रं मी लॅमिनेट करून ठेवली आहेत, गॅसच्या पुस्तकापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत! पत्रिका कशाला, असं सुचिता विचारते. पुरावा असावा, असं मी सांगतो.

मग आमच्या सोळा महिन्यांच्या अंकुरचं टीक्याचं, म्हणजे लसीकरणाचं कार्ड मी मोकळं सोडणार होतो का? पांढुर्ण्याच्या बाजारात नेलं, नीट घडी घातली आणि वरून जाड प्लास्टिक चढवून आणलं.

त्याच आठवड्यात गल्लीतल्या उषाबाईंच्या नातवाला गोवर निघाला. पोरगं तापानं फणफणलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. सुचिताचा जीव थाऱ्यावर राहिना.

"आपल्या अंकुरले गोवरची सुई लागली होती ना हो?"

"कार्डावर असेलच की!" मी छाती फुगवून म्हणालो, आणि मंगळवारी आम्ही तिघं अंगणवाडीत हजर झालो.

टीके देणाऱ्या मालती सिस्टरनी कार्ड उलटलं, पुन्हा उलटलं.

"भाऊ, हे उघडत काऊन नाही?"

"उघडणार कसं? पक्कं केलं ना!"

"अन् नोंदी?"

"आत आहेत. एकदम सुरक्षित!"

सिस्टरनी कार्ड उजेडाला धरून पाहिलं. सुचिताचा चेहरा उतरला. नऊ महिन्यांचा असताना अंकुर रामाकोन्याला आजोळी होता, म्हणून तिनं आईला फोन लावला.

"आई, अंकुरले गोवरची सुई देली होती का वं?"

"देली असन. एक दिवस लय रडला होता."

"तो तं रोजच रडते!"

अंगणवाडीच्या शोभाताईंनी भाजीची सुरी आणली. प्लास्टिक हललं नाही. मग कैची आली. कैचीनं कडा कापली, तिच्यासोबत अंकुरचं आडनाव गेलं! "इस्त्री फिरवा, सुटते ते," असं कुणीतरी सुचवलं. शेजारून इस्त्री आली, मी स्वतः फिरवली. प्लास्टिक वितळून इस्त्रीला चिकटलं, कार्ड भाजलेल्या पापडासारखं वळलं आणि इस्त्रीवाली बाई वेगळीच ओरडायला लागली.

"तुमच्या पक्केपणापायी माह्या लेकराचं काय होईन?" सुचिता रडकुंडीला आली. आता मलाही भीती वाटली.

सिस्टरनी इस्त्रीचं बटण बंद केलं. "घाबरू नोका. नोंद नाही सापडली तरी सुई देता येते. पण थांबा, रामाकोन्याच्या सिस्टरले विचारतो."

त्यांनी फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडे रजिस्टरची पानं उलटू लागली आणि माझ्यातला बाबू जागा झाला.

"बघा! शेवटी रेकॉर्डच कामी येतं!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

"सापडला अंकुर," फोनमधून आवाज आला. "गोवरची सुई बाकी आहे. शेरा लिहून ठेवला आहे मी. नंबर यायच्या अगोदर वडील घेऊन गेले, बस सुटते म्हणून."

मला सगळं आठवलं. मी त्यांना घ्यायला गेलो होतो, सुचिता सामान बांधत होती म्हणून अंकुरला सुईला मीच नेलं होतं, आणि "पुढच्या मंगळवारी देऊ" असं मीच म्हणालो होतो. त्या मंगळवाराला सात महिने झाले होते!

सुचितानं ते भाजलेलं कार्ड उचलून माझ्या हातात ठेवलं.

"उशीर झाला, पण वेळ नाही गेली," मालती सिस्टर म्हणाल्या. "आज गोवरची पहिली देतो, दुसरी महिन्याभरानं. या भाऊ, लेकराले तुम्हीच धरा."

मी धरलं. अंकुरनं भोकाड पसरलं आणि माझाच सदरा मुठीत घट्ट पकडला. जो बाप विसरला, त्यालाच पोरगं बिलगत होतं.

दोन मिनिटांत तो शोभाताईंच्या खुळखुळ्याशी खेळू लागला. मी निघायला उठलो.

"बसा! अर्धा तास थांबा लागते. कोणाले चक्कर येते का, पाहा लागते."

"त्याला काही झालं नाही सिस्टर, बघा कसा खेळतो आहे!"

"त्याचं नाही म्हणून राहिली मी. ताई, ह्या भाऊले पाणी द्या."

खरंच माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती; मी भिंतीला टेकून खाली बसलो. सुचितानं पाणी दिलं, पदरानं वारा घातला आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसली. म्हणून मीही ती चक्कर आणखी पाच मिनिटं लांबवली!