चाकावरचं वजन

चाक जोरात फिरत होतं, ट्रॅक्टर जागेवरच होता आणि मागच्या ट्रॉलीत शांताचा श्वास कमी होत चालला होता. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सकाळी चुलीसाठी कपाशीची वाळकी पऱ्हाटी काढायला गेली, ढिगात मण्यार होती, ती हाताला चावली. आमची पांधण म्हणजे वावरांमधली कच्ची वाट, तिथे पावसाळ्यात दवाखान्याची गाडी येत नाही. ती नाल्यापलीकडे डांबरी रस्त्यावर उभी होती. मधे चढ होता आणि चढावर काळी माती. ट्रॅक्टर चालवत होता तिचा नवरा सुदाम. चाक का घसरतं, याशिवाय या माणसाने आयुष्यात दुसरा विचार केला नव्हता.

सुदाम माझा शेजारी. माणूस समोर आला की लोक तोंड बघतात, हा वजन बघायचा. मी अंगाने जाड, म्हणून त्याच्या लेखी मला फार मान. निंदणाला जाताना आम्ही बायका त्याच्या ट्रॅक्टरवर जायचो. चढ यायच्या आधी तो ट्रॅक्टर थांबवायचा, खाली उतरून मातीचा गोळा हातात दाबायचा, वास घ्यायचा आणि मग आमच्या जागा बदलायचा. "वयनी, तुम्ही डाव्या मडगार्डवर. तिकडची माती नरम हाय." उजवीकडे तांड्यावरची गेनाबाई बसायची, कारण ती माझ्या तोडीची. बारीक बायकांना तो ट्रॉलीतून उतरवून चढ पायी चढायला लावायचा. "वजन चाकावर पाह्यजे, मांगं नाही," हे त्याचं पालुपद. चाकावरचं वजन जमीन धरतं, ट्रॉलीतलं वजन मागे ओढतं. इतकी साधी गोष्ट, पण ती सांगायला तो अर्धा रस्ता घ्यायचा.

मागच्या चाकावर त्याने चुन्याची एक रेघ मारली होती. वावरात रिकामा ट्रॅक्टर एका धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, दुसऱ्या धुऱ्यापर्यंत न्यायचा आणि रेघ किती वेळा खाली येते ते शांताने चाकाबरोबर चालत मोजायचं. मग नांगर लावून पुन्हा तेच. नांगर लावला की तेवढ्याच वावरात फेरे वाढायचे. जितके वाढले तितकं चाक नुसतं घसरलं, तितकं डिझेल मातीत गेलं. शांता मधेच माझ्याशी बोलत थांबायची, मोजणं विसरायची आणि मनाला येईल तो आकडा सांगायची. त्या आकड्यावर सुदाम दोन दिवस डोकं धरून बसायचा. कधी टायरात पाणी भरायचा, कधी हवा कमी करायचा. शांता माझ्या ओट्यावर येऊन तोंडाला पदर लावून हसायची.

शांता काडीसारखी. "ही बसली काय अन् नाही बसली काय, चाकाले मालूमच नाही पडत," असं तो चारचौघांत म्हणायचा.

"मंग वयनीसंगच लगन करा लागत होतं," ती म्हणायची.

त्यावर हा मेला खरंच माझ्याकडे बघून विचारात पडायचा.

ग्रामसभा विहारासमोर भरायची. तिथे कोणी फार बोलायला लागला की सुदाम मागून म्हणायचा, "चाक फिरून राह्यलं, गाडी जागेवरच." लोक हसायचे, बोलणारा चिडायचा. माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टर रोज गोळ्या बदलत होता, तेव्हाही तो हेच म्हणाला. मला राग आला होता. पण खोटं नव्हतं.

बायकोशी गोड बोलताना मी त्याला कधी ऐकलं नाही. आर्णीच्या बाजारातून तिच्यासाठी जिलबी आणायचा आणि पुडा पुढे करून म्हणायचा, "खाय. वजन वाढव, कामात येशीन."

आणि त्या सकाळी याच माणसाने काय केलं? शांताला ट्रॉलीत निजवलं आणि सगळ्या गल्लीला हाक मारली, या, सगळे बसा. आमच्याकडे दुखणाईत माणूस निघालं की अर्धी गल्ली सोबत निघतेच. ट्रॉली गच्च भरली. मडगार्ड दोन्ही रिकामे. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर सुदामने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

चढाच्या मधोमध चाक घसरायला लागलं. टायर झिजलेले होतेच, खाचांत माती बसून ते आणखी गुळगुळीत झाले. त्याने खुरप्याने माती खरवडली. हवा सोडली. धुऱ्यावरची पऱ्हाटी आणून चाकाखाली घातली, चाकाने ती मागे फेकून दिली. ट्रॅक्टर आणखी खाली रुतला.

"सुदाम, लोकं उतरव," मी म्हटलं. "मांगं वजन झालं. हे तुले मी सांगू काय?"

तो ट्रॉलीपाशी आला. आवाज खाली करून म्हणाला, "राहू द्या, वयनी. तिनं डोये उघडले तं कोणीतरी दिसलं पाह्यजे. मी पुढं असतो. तिले माही पाठच दिसते."

मण्यार चावली की पापण्या पडतात, मग त्या उचलत नाहीत. ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. मी लोकांवर ओरडले, तेव्हा सगळे खाली उतरले. हाक ऐकून तांड्यावरून आलेली गेनाबाई एका मडगार्डवर चढली. दुसऱ्यावर बसायला मी शांताचं डोकं मांडीवरून बाजूला करू लागले, कारण माझ्याइतकं वजन तिथे कोणाचं नव्हतं.

"तुम्ही नाही," सुदाम म्हणाला. "तुम्ही तिच्यापाशी."

माझ्या जागी दोन बारीक बायका बसवल्या. बाकीच्यांनी मागून ट्रॉली रेटली. चाकाने जमीन धरली आणि ट्रॅक्टर हळूहळू वर निघाला. चढ संपायच्या आत शांताचा श्वास थांबला. मी नाकाशी हात धरला, छातीवर ठेवला, पुन्हा नाकाशी धरला.

"सुदाम, थांबव. गेली थे."

त्याने मान वळवली नाही. "चढावर थांबता येत नाही, वयनी. पुन्हा घसरंल."

तसाच तो डांबरीपर्यंत गेला. दवाखान्याच्या गाडीतल्या माणसाने तिला पाहिलं आणि बाजूला झाला. तेव्हा कुठे सुदामने इंजिन बंद केलं.

आता पांधण सिमेंटची झाली. चाकावरची चुन्याची रेघ पुसून गेली, त्याने नवी मारली नाही. ट्रॅक्टर चालवताना तो सारखा मागे वळून बघतो. त्या नादात एकदा नालीत गेला. भर उन्हाळ्यातही वावरात जाताना माझ्या दारात थांबतो. "वयनी, बसा न जरा मडगार्डवर. घसरून राह्यलं."

रस्ता खडखडीत कोरडा असतो. मी त्याला खोटारडा म्हणते आणि गुडघे धरत वर चढते. माझं वजनही आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही, ते त्याला दिसतं, पण बोलत नाही. वावरापर्यंत तो सारखा वळून माझ्याकडे बघतो.

शांता मेली. सुदाम जिवंत आहे.