कॅमेऱ्यातल्या दोन रेषा

माझ्या फोटोंत माणसं पडायला आल्यासारखी दिसतात. मेव्हणीच्या साखरपुड्यात तर अख्खा हॉल गोदावरीकडे घसरत चालला होता. (हॉल नदीपासून लांब, इंदिरानगरात होता.) त्यामुळे प्रतिभा, म्हणजे माझी बायको, जेव्हा म्हणाली की दिंडोरीला, तिच्या माहेरी, आई-अण्णांचा जोडीनं फोटो काढायला फोटोग्राफर बोलवू, तेव्हा तिचं चुकलं नव्हतं. पण मी दुखावलो. घरात माझा जुना रोलचा कॅमेरा असताना?

लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली तरी सासू-सासऱ्यांचा दोघांचा असा एकही फोटो नव्हता. तो मीच काढणार, असं मी जाहीर केलं.

उपाय माझ्याकडे होता. कॅमेऱ्याला डोळा लावला की समोरचं चित्र आतल्या एका दुधी काचेवर दिसतं. तिच्यावर एक उभी, एक आडवी रेषा मारली की सरळ-वाकडं लगेच कळतं. रेषा फोटोत येत नाहीत, फक्त काढणाऱ्याला दिसतात. मी लेन्स काढली, प्रतिभाच्या भुवयांच्या चिमट्यानं काच बाहेर घेतली (चिमटा ती अजून शोधतेय) आणि लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी धरून, श्वास रोखून, पेन्सिलीनं रेषा मारल्या. काच टपालाच्या तिकिटाएवढी, माझा अंगठा तिच्याहून मोठा. पट्टी किंचित सरकली असावी. पण रेषा एकमेकींशी काटकोनात होत्या, त्यामुळे मी खूश.

रविवारी सासूबाई नवं लुगडं नेसून आणि अण्णा टोपी झटकून द्राक्षांच्या मांडवापाशी उभे राहिले. दोघांत हातभर अंतर. उभ्या रेषेच्या दोन बाजूंना दोघं नीट बसावेत म्हणून मी त्यांना जवळ सरकायला सांगितलं. सासूबाई लाजल्या, हसल्या, पण सरकल्या. मग मागचा खांब रेषेवर येईपर्यंत मी कॅमेरा फिरवत राहिलो.

"अहो, कॅमेरा वाकडा धरलाय," प्रतिभा म्हणाली.

"तुला बाहेरून तसं वाटतं. मी आतून बघतोय."

अण्णांचं आयुष्य ओळंबा लावून मांडवाचे खांब रोवण्यात गेलेलं. पण जावयाचा मान राखायला त्यांनी स्वतःची मान तेवढी कलती केली.

रोल धुऊन आला. आधी माझे फोटो मनाला येईल तसे वाकडे यायचे, आता छत्तीसच्या छत्तीस एकाच मापानं वाकडे. सरळ होती ती फक्त अण्णांची मान. प्रतिभा आता काय बोलते म्हणून मी अंग चोरून बसलो. तिनं एक फोटो उचलला आणि बराच वेळ बघत राहिली.

"आईला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं," ती म्हणाली.

तोच फोटो मोठा करून, फ्रेम करून दिंडोरीला पाठवला.

दिवाळीला गेलो तर फ्रेम भिंतीवर तिरकी. मी उठून सरळ केली. हातपाय धुऊन आलो तर पुन्हा तिरकी. खिळा ढिला असेल म्हणून मी दुसऱ्यांदा सरळ केली. जेवून उठलो तर तेच. तिसऱ्यांदा हात लावणार, तेवढ्यात सासूबाई हळूच म्हणाल्या,

"राहू द्या जावईबापू. तुमी सरळ केला का आमी दोघं पडतो."