नानीबाईंच्या आवाजाचा शोध

संगणकात हरवलेली वस्तू शोधण्याच्या कामी अख्ख्या म्हसावदात माझा हात धरणारा कोणी नाही, हे विधान मी पूर्ण विचारांती करीत आहे! म्हणूनच शेजारचा बालमित्र उमाकांत मांडवातून धावत आला, तेव्हा मी त्याला सांगितले, "चहा निवायच्या आत आवाज हाती देतो!"

आवाज त्याच्या दिवंगत आईचा, नानीबाईंचा. त्या हळदीचे गाणे म्हणू लागल्या की वाटीतली हळद अधिक पिवळी दिसे! थोरली नात रिना हिच्या हळदीत मी तो आवाज मुद्रित केला होता. आज उमाकांतच्या धाकट्या लेकीची, जागृतीची हळद, आणि तिचा हट्ट एकच: पहिले गाणे आजीचेच हवे. बाया खोळंबल्या होत्या.

फाइलचे नाव मी विसरलो होतो. आवाजाची फाइल, म्हणजे नावाच्या शेवटी mp3 असणार, एवढे निश्चित. त्याआधीच्या नावाऐवजी तारा (*) घातला की काम भागते. मी आज्ञा लिहिली:

find . -name *.mp3

ही आज्ञा शिकविताना जागृतीने ताऱ्याचा शब्द अवतरणचिन्हांत घातला होता. मी ती चिन्हे गाळली. अवतरणचिन्हे परक्याच्या शब्दांना. स्वतःच्या आज्ञेला ती कशाला?

पडदा ओळींनी भरला. प्रत्येक ओळीच्या अंती एकच नाव: vyakhyan.mp3. 'गद्यातील संयम' या विषयावरील माझे प्रदीर्घ व्याख्यान! सुरक्षिततेसाठी मी त्याची प्रत संगणकाच्या प्रत्येक कप्प्यात ठेवली होती.

"जठे देखो तठे तूच!" उमाकांत रडकुंडीला आला. "मन्ही माय कोठे गई रे?"

"यंत्र बिघडले आहे."

"यंत्र नही, तू बिघडेल शे!"

इतक्यात ओल्या मेंदीचे हात वर धरून जागृतीच आली. पडदा पाहून म्हणाली, "काका, अवतरणचिन्हं?"

"अनावश्यक अलंकार—"

"अहो, ती नसली की शोध सुरू होण्याआधीच ताऱ्याच्या जागी या कप्प्यातलं नाव बसतं. इथं एकच गाण्याची फाइल, तीही तुमचं व्याख्यान. मग तेच सगळीकडे शोधलं गेलं!"

मी प्रतिवादासाठी तोंड उघडले.

"वाद उद्या, काका! बाया बसेल शेतस!"

मी चिन्हे घातली. माझ्या व्याख्यानांच्या गर्दीत rina-halad.mp3 हे नाव उमटले. उमाकांतने माझा खांदा इतका दाबला, की तो अजून दुखतो.

मांडवात भोंग्यातून खरखर झाली आणि सुरू झाला... माझा आवाज! रिनाच्या हळदीत गाण्याआधी मी करून दिलेला गायिकेचा परिचय, लोकगीतांचे स्वरूप, त्यांचे उपप्रकार... बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. माझे कान तापले. तोच बांगड्या किणकिणल्या आणि नानीबाई कडाडल्या,

"व्हयनं का रे भो तुन्हं भाषण? हळद सुकी ऱ्हायनी!"

मांडव हशाने फुटलाच! जागृती हसता हसता रडू लागली. मेंदीमुळे डोळे पुसता येईनात, ते उमाकांतने पुसले. त्याचे स्वतःचे वाहत होते, तिकडे कोणाचे लक्ष नव्हते.

पुढे नानीबाई गायल्या. फार सुंदर गायल्या, असे म्हणतात. बायांनी मला तोवर पाणी भरायला पिटाळले होते.