अडतीस अंशांची अंघोळ

शनिवारी सकाळी नऊ वाजता देवेंद्र परब कुवेतच्या अबू हलीफा भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये अंघोळीला गेले, ते केवळ विज्ञानाची सेवा म्हणून. एरवी सुट्टीच्या दिवशी बाराच्या आत ते अंघोळीचं नाव काढत नाहीत. पण आज अकराला स्पृहाच्या कॉलेजातल्या अदिबा मॅडम घरी येणार होत्या आणि त्याआधी रंगीत तालीम व्हायला हवी होती.

स्पृहा ही त्यांची एकुलती एक लेक, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हिच्या हातांना स्वस्थता कशी ती नाहीच. घरातला मिक्सर तिनं दोनदा उघडून पाहिला होता. पडदे आपोआप सरकावेत म्हणून काहीतरी करायला गेली, तेव्हा दांडी भिंतीच्या गिलाव्यासकट खाली आली. मागच्या सत्रात वर्गासाठी बांधलेला छोटा पूल तर थेट परीक्षकांच्या पायावर पडला आणि ती त्या विषयात नापास झाली. जन्म हिशेब तपासण्यात घालवलेल्या देवेंद्रनी तेव्हाच शांतपणे सांगून टाकलं होतं, "पुन्हा नापास झालीस, तर बी.कॉम. निदान आकडे तरी कुणाच्या पायावर पडत नाहीत."

या वेळचं यंत्र म्हणजे बाथरूमच्या नळांवर बसवायची पेटी. सेन्सर पाणी किती गरम आहे ते बघणार, दोन छोट्या मोटारी तांबडा आणि निळा नळ हवा तसा फिरवणार आणि अंगावर कायम अडतीस अंशांचं पाणी पडणार. फेब्रुवारीत कॉलेजच्या लॅबमध्ये ते इतकं झकास चाललं, की अदिबा मॅडमनी आराखड्यावर तिथल्या तिथे सही केली. आता ते खऱ्या घरात चालवून दाखवायचं होतं. पास की नापास, हे वापरणाऱ्या माणसाच्या मतावर ठरायचं होतं.

पेटी बसवली शत्रुघ्नकाकांनी. हे परबांच्या गावचे, मीना अब्दुल्लाच्या तेल कारखान्यात पाइपफिटर. कंपनीच्या कॅम्पवर एकटेच राहतात. सुट्टीला स्पृहाच्या आईच्या, मंदाताईंच्या हातचं माशाचं कालवण जेवायला येतात आणि घरातलं काही ना काही दुरुस्त केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

तर देवेंद्र आत गेले. पहिलं मिनिटभर पाणी छान होतं. मग जरा जास्त गरम झालं. यंत्रानं ते लगेच ओळखलं, टर्रर्र करत तांबडा नळ थोडा आवळला आणि निळा थोडा सोडला. पाणी आणखी तापलं. यंत्रानं तांबडा आणखी आवळला.

"स्पृहा," आतून आवाज आला, "हे मला शिजवतंय."

"बाबा, टू मिनिट्स. ते अ‍ॅडजस्ट होतंय."

"ते होतंय गं. मी होत नाहीये."

देवेंद्र साबणासकट, टॉवेल गुंडाळून बाहेर आले. पाठ उकडलेल्या कुर्लीसारखी लाल झाली होती.

स्पृहानं प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. बरोबर होता. सेन्सर तपासला. तोही बरोबर. मग उरले काका.

"काका, पाइप उलटे तर नाही ना जोडले तुम्ही?"

शत्रुघ्नकाकांनी चहाचा कप खाली ठेवला. "काय गो बाय, एकोणीस वर्सं तेलाच्या पायपा जोडतोय मी. उलट्या जोडल्या असत्या, तर आज मी तुझा चहा पीत बसलो असतो काय?"

तेवढ्यात स्पृहाच्या ध्यानात आलं, की गिझर बंदच आहे. तांबड्या नळाला गरम पाणीच नाही, मग बिचारं यंत्र गोंधळणारच. तिनं गिझर लावला. वीस मिनिटांनी पुन्हा नळ सोडून पाहिला, तर सेन्सरनं पंचावन्न अंश दाखवले.

मंदाताई कणकेच्या हातानं स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "गिझर कुणी लावला? मे महिन्यात?"

"आई, यंत्राला गरम पाणी लागतं."

"अगं, पण उन्हाळ्यात आपला तांबडा नळ गार असतो, हे सांगितलंस का त्याला?"

कुवेतमधल्या कुठल्याही घरात विचारा. मे लागला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं. म्हणून लोक गिझर बंद करून टाकतात. एसीच्या गारव्यात त्याच्या पोटात साठून राहिलेलं पाणी, तेवढंच अंघोळीच्या लायकीचं. तांबडा नळ गार आणि निळा गरम, असा कारभार ऑक्टोबरपर्यंत चालतो. स्पृहा जन्मापासून अशीच अंघोळ करत आली होती. पण प्रोग्रॅम लिहायला बसली, तेव्हा तिनं पुस्तकातले नळ लिहिले.

चूक सुधारायला तिला तीन मिनिटं लागली. पण घरातलं होतं नव्हतं ते गार पाणी आता गिझरमध्ये वाफाळत होतं आणि सव्वादहा वाजले होते.

"बर्फ लावून बघूया," काका म्हणाले.

देवेंद्र मनातून पक्के बी.कॉम.च्या बाजूचे. पण लेक डोळ्यांत पाणी आणून नखं खातेय, हे त्यांना बघवेना. साबणाच्या अंगावरच शर्ट चढवून ते सेहेचाळीस अंशांच्या उन्हात खालच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात गेले आणि बर्फाच्या चार पिशव्या घेऊन आले. त्या टॉवेलांनी गिझरभोवती बांधल्या. अर्ध्या तासानं बाथरूमभर पाणी झालं आणि गिझरमधलं पाणी होतं तसंच राहिलं.

"गिझर म्हणजे ऊब धरून ठेवणारा डबाच," काका विचार करत म्हणाले. "त्याला बाहेरनं बर्फ लावून काय होणार?"

"मग आधी का नाही बोललात?" देवेंद्रनी विचारलं.

"तू एवढ्या उन्हात गेलास रे. मन होईना."

तेवढ्यात बेल वाजली.

स्पृहानं अदिबा मॅडमना सगळं खरं खरं सांगून टाकलं. मॅडमनी नळाखाली बोट धरलं आणि लगेच मागे घेतलं. मग आराखडा मागितला. तांबड्या नळापुढे 'गरम' लिहिलेलं होतं आणि खाली त्यांचीच सही होती.

"माझा जन्म इथला," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आमच्याही घरी मे महिन्यात गिझर बंद असतो. आणि सही करताना मलाही सुचलं नाही." मग त्या खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. "पण मार्क माझ्या हातात नाहीत. वापरणाऱ्यानं हा फॉर्म भरायचा. 'नाही' असेल तर नापास."

फॉर्मवर एकच प्रश्न होता. प्रकल्प संपल्यावर हे यंत्र तुम्ही घरात ठेवाल का?

फॉर्म देवेंद्रच्या हातात आला. या माणसानं पंचवीस वर्षांत एकाही खोट्या ओळीवर सही केलेली नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. स्पृहानं खिडकीकडे तोंड फिरवलं. देवेंद्रनी प्रश्न दोनदा वाचला, पाठ खाजवली, पेन मागितलं आणि 'हो'वर खूण करून सही ठोकली.

चहा-पोहे घेऊन मॅडम गेल्या. स्पृहानं बाबांना मिठी मारली आणि बराच वेळ सोडलीच नाही.

"अहो," मंदाताई हळूच म्हणाल्या, "खोटं लिहिलंत?"

"खोटं कुठाय? ठेवाल का, असं विचारलंय. ठेवीन की. वापराल का, असं कुठे विचारलंय?" देवेंद्र म्हणाले आणि टॉवेल खांद्यावर टाकून शेजारी अंघोळ मागायला गेले.